कशालाबाईचा रुमाल

कशालाबाईला कुणी "चहा घेणार का?" असं विचारलं, तरी ती आधी "कशाला?" म्हणायची आणि मग दोन कप प्यायची. हजेरीपटावर तिचं नाव यमुना होतं. पण साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे तिला पाठीमागं कशालाबाईच म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि तिला त्याचा अजिबात राग यायचा नाही. राग मला यायचा. टोपणनाव पडायलाही माणसात काहीतरी असावं लागतं हो! मी त्या कचेरीत तिच्या कितीतरी आधी लागलेली, पण मी समोर शालिनीबाई आणि पाठीमागंही शालिनीबाईच. माझ्याकडं बघून कुणाला काही सुचलंच नाही.

तेव्हा आधीच सांगून टाकते. हा मजकूर मी तिच्या आठवणीनं गहिवरून वगैरे लिहीत नाहीये. मी तिच्यावर जळत होते. आता माझे केस पांढरे झालेत, गुडघे धरलेत, आणि अजूनही तिचं नाव निघालं की माझं तोंड वाकडं होतंच. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस होऊन गेलं असेल. त्याच्याशिवाय करमत नाही आणि त्याचं कौतुक ऐकवत नाही, अशातलं.

आमची कचेरी नगरला, दिल्ली दरवाजाच्या आत, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत होती. एका संस्थेनं तिथं संशोधन कक्ष काढला होता. संशोधन म्हणजे काय, तर जिल्ह्यातल्या गावोगावची माहिती गोळा करायची. विहिरींना पाणी किती, जनावरं किती, चारा किती, कामावर माणसं किती. ती माहिती कार्डांवर उतरवायची, कार्डांवरून तक्ते करायचे आणि तक्ते वर पाठवायचे. खालून गिरणीचं पीठ उडायचं आणि आमच्या सगळ्या कागदांवर बारीक पांढरा थर बसायचा. तक्ते करायचं काम माझं. मी पुण्याला संख्याशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात पास झालेली. माझे वडील नगरच्याच मिशनच्या शाळेत मास्तर. त्यांनी मला पाढे झोपेतही म्हणायला लावलेले. हँडल फिरवून आकडेमोड करायचं एक यंत्र कचेरीत होतं, त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नसे. माझी बेरीज चुकली असं कधी झालं नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही, माझ्याजवळ तेवढंच होतं म्हणून सांगते.

अशात ही आली. तिसगावच्या शेतकऱ्याची मुलगी, अर्थशास्त्रात कशीबशी दुसरा वर्ग मिळवलेली, पदर खोचलेला, खांद्याला शबनम पिशवी आणि हातात वडिलांचा भलामोठा चौकड्याचा रुमाल. पहिल्याच दिवशी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. बहात्तरच्या दुष्काळाची ती सुरुवात होती आणि मी टँकरच्या खेपांचा तक्ता आखत होते. लाल शाईनं मथळे, निळ्या शाईनं आकडे, एक रेघ वाकडी नाही.

"हे काय हाय?" तिनं विचारलं.

"टँकरच्या खेपांचा तक्ता. गाववार."

"झ्याक काढलाय. पन कशाला?"

"कशाला म्हणजे? वर पाठवायला."

"वर म्हंजी कुठं?"

"आधी साहेबांकडं, मग पुण्याला, मग मुंबईला."

"मंग मुंबईत पानी कमी पडलंय व्हय?"

सगळी कचेरी हसली. आतून साहेबही हसले. ती चेष्टा करत नव्हती, हे तिच्या तोंडाकडं बघून मला कळत होतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणूनच मला जास्त झोंबलं. त्या दिवसापासून ती कशालाबाई झाली.

आता तिच्यात गुण काय होते म्हणाल, तर कामाच्या दृष्टीनं एकही नाही. बेरीज केली की हातचा विसरायची. उशिरा यायची. आली की पहिल्यांदा कुणाच्या डब्यात काय आहे ते बघायची आणि माझ्या डब्यातली चपाती उचलून, "तुझी आई तेल लई चांगलं लावती," असं म्हणत खायची. दुपारी मी यंत्राचं हँडल फिरवायला लागले की टेबलावर डोकं ठेवून सरळ झोपायची. "त्याची घरघर ऐकली का आई जात्यावर बसल्यागत वाटतं गं. डोळाच लागतो." तिनं भरलेली कार्डं मी तपासायची, तिच्या चुका मी काढायच्या, आणि चुका काढल्यावर ती माझेच आभार मानायची, तेही मोठ्यानं, सगळ्यांदेखत. भांडायची सोयच नव्हती.

त्याच सुमाराला मुंबईहून एक डॉक्टर आले. औषधाचे नव्हे, पीएच.डी.वाले. त्यांच्या संस्थेत संगणक आला होता आणि ते एक नवीनच शास्त्र सुरू करू पाहत होते. माहिती कशी गोळा होते, कुठून कुठं जाते, कोण वापरतं, यंत्रानं तिचं काय करता येईल, असलं शास्त्र. आमच्या कक्षातून एक माणूस त्यांना दोन वर्षं शिकायला न्यायचं होतं. बाकीच्यांना घरदार होतं, नाहीतर पदवी नव्हती. उरलो मी आणि कशालाबाई. डॉक्टर म्हणाले, "उन्हाळा संपता संपता मी परत येईन. या विषयात इथून पुढं कशावर संशोधन व्हायला पाहिजे आणि तुम्हाला त्यात का पडायचंय, या दोन गोष्टींचा विचार करून ठेवा. एकच जागा आहे."

एकच जागा! मी संगणक फक्त मासिकातल्या फोटोत पाहिला होता. कपाटांसारखी कपाटं आणि त्यांच्यापुढं पांढरा कोट घातलेली एक बाई. तो फोटो मी कापून बायबलमध्ये ठेवला होता, आई बघेल म्हणून अगदी शेवटच्या पानांत. दर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांनी दुष्काळग्रस्तांसाठी प्रार्थना केली की मी हळूच तिच्यापुढं माझी एक जोडायची. ती जागा माझीच होती. पहिला वर्ग माझा, यंत्र माझं, तक्ते माझे. आणि तरीही मला भीती वाटायची, कारण एस्टीतली जागा मला कधीच मिळायची नाही आणि कशालाबाईला रोज मिळायची.

हे जरा सांगायला हवं. गावांत कार्डं भरायला आम्ही दोघी एस्टीनं जायचो. मी वेळेच्या आधी स्टँडवर जाऊन उभी राहायची. गाडी लागली की जी रेटारेटी व्हायची, तीत मी पार मागं फेकली जायची. ही बया शेंगा खात शेवटी यायची, दाराकडं बघायचीसुद्धा नाही. सरळ खिडकीखाली जाऊन तो चौकड्याचा रुमाल आत भिरकवायची. नेमका सीटवर! मग सावकाश वर चढायची आणि खिडकीशी बसायची. तिथं उभा असलेला धट्टाकट्टा गडीसुद्धा रुमाल बघून बाजूला व्हायचा. मला ती शेजारी बसवून घ्यायची खरी, पण खिडकी तिची. करंजीचा घाट मी वर्षभर तिच्या खांद्यावरून पाहिला.

तिसगावच्या पुढं रस्त्यालगत काही वाड्या होत्या. विहिरी आटल्या होत्या, पाणी टँकरचं. टँकर वाड्यांच्या अलीकडं रस्त्याकडेच्या एका विहिरीवर भरायचा आणि मग पुढं जायचा; पण तो कधी येईल याचा नेम नव्हता. इंजिन बिघडायचं, डिझेल नसायचं, एखाद्या दिवशी यायचाच नाही. एका वाडीत आम्ही गेलो तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणाऱ्या बाया फाट्यावर हंड्यांची रांग लावून उन्हात बसल्या होत्या. त्यांच्यात भागाबाई म्हणून एक होत्या, वयानं थोराड, आवाज खणखणीत. मी कार्ड काढलं आणि माणसं किती, हंडे किती, असं विचारायला लागले.

"लिव्हा बाई, समदं लिव्हा," भागाबाई म्हणाल्या. "पन टँकर कवा येनार तेवढं आमाला सांगा. हितं बसावं तर खडीवरची हजेरी बुडती, खडीवर जावं तर हंडा रिकामा ऱ्हातो."

"ते आमच्याकडं नसतं," मी म्हणाले. "आम्ही येऊन गेलेला टँकर लिहितो."

मी खरं तेच सांगितलं होतं. पण कशालाबाईनं माझ्याकडं असं काही बघितलं की माझं मलाच ते वाक्य कसंतरी वाटलं. ती भागाबाईंच्या शेजारी मातीत बसली आणि गाडी येईपर्यंत उठली नाही.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून तिनं शेंगांची पुडी उघडलीसुद्धा नाही. हे नवलच. मग मांडीवरचा रुमाल उचलून म्हणाली, "शालू, ह्यो टाकला का जागा धरली, हे लोकान्ला कसं कळतं गं? मी तर तोंडातनं शब्द काढत न्हाई."

"त्यात काय कळायचंय? सगळ्यांना माहीत असतं."

"तेच तर! समद्यांना म्हाईत असतं. सायबाला, न्हाव्याला, आडान्याला. कार्ड न्हाई, तक्ता न्हाई." आणि मग माझ्या मांडीवर जोरात थाप मारून म्हणाली, "एस्टी तर त्या टँकरच्या हिरीवरूनच जाती की!"

तिच्या डोक्यात आलं ते इतकं साधं होतं की मला चीड आली. सकाळची नगरची गाडी त्या विहिरीवरून पुढं वाड्यांकडं जायची. विहिरीवर टँकर भरताना दिसला, तर कंडक्टरनं गाडीच्या खिडकीला लाल फडकं बांधायचं. वाड्यांतल्या बायांनी लांबून गाडी बघायची. लाल दिसलं तर पाणी निघालंय, हंडे घेऊन फाट्यावर या. नाही दिसलं तर खडीवरचं काम सोडू नका. झालं. कंडक्टर आधी आढेवेढे घेत होता. "बाई, हे एस्टीच्या नियमात बसत नाही," तो म्हणाला. कशालाबाई म्हणाली, "बसत नसंल तर हुभं ऱ्हाऊ द्या. आमी न्हाई का रोज हुभ्यानं जात?" तो हसला आणि फडकं खिशात घातलं. ती स्वतः कधी उभ्यानं गेलेली नव्हती, हे बोलायचं मी टाळलं.

आणि ते चाललं हो! आठवड्यात बायांना सवय झाली. फाट्यावरची रांग मोडली, खडीवरच्या हजेऱ्या भरायला लागल्या, कामावर मिळणारी दुपारची सुकडी पोरांच्या तोंडी वेळेवर पडायला लागली. कचेरीत हिचं कौतुक सुरू झालं. साहेबांनी एकदा माझ्या तक्त्यावर हात ठेवून म्हटलं, "शालिनीबाई, तक्ता सुरेखच आहे, पण त्या फडक्यानं कमाल केली." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. फडकं! संशोधन म्हणजे फडकी बांधणं असतं का? घरी येऊन आईला सांगितलं, म्हटलं निदान ही तरी माझ्या बाजूनं बोलेल. तर आई म्हणाली, "किती डोकं गं त्या पोरीला! एकदा जेवायला घेऊन ये." त्या रात्री मी जेवले नाही, आणि जेवले नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग एक दिवस ते फडकं फसलं. नगरहून एक म्हातारे धनगरबाबा गाडीत चढले. खिडकीतून उन्हाची तिरीप तोंडावर यायला लागली म्हणून त्यांनी डोक्याचा लाल पटका सोडला आणि खिडकीच्या दांड्यांना पडद्यासारखा बांधून टाकला. वाऱ्यानं त्याचा शेव बाहेर आला आणि फडफडायला लागला, आणि गर्दीत तिकिटं फाडणाऱ्या कंडक्टरला ते दिसलंच नाही. गाडी आपली निघाली त्या पटक्यासकट वाड्यांमागून वाड्या. बायांनी लांबून लाल बघितलं, हातातले हातोडे टाकले आणि हंडे घेऊन फाट्यावर धावल्या. त्या दिवशी विहिरीवरचं इंजिन बंद होतं. टँकर आलाच नाही. पाणी गेलं आणि हजेरीही गेली.

दुसऱ्या दिवशी ही बातमी कचेरीत आली तेव्हा खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. बाहेर चेहरा पाडून बसले होते, पण आत अगदी थंडगार वाटत होतं. बरं झालं, म्हटलं. आता कळेल, तक्ता तक्ता असतो आणि चिंधी चिंधी असते. साहेबांनी आम्हा दोघींना तिकडं पाठवलं, आणि मी त्या दिवशी जितक्या हौसेनं गाडीत चढले तितकी कधी चढले नव्हते.

भागाबाई वाटच बघत होत्या. "आली का? तुज्या त्या चिंधीपायी आमचा दिस गेला. आमी येडे, लाल दिसलं का पळत सुटतो. त्यापरीस पहिलं बरं हुतं!" बाकीच्या बायाही तुटून पडल्या. मला वाटलं, आता ही धनगरबाबांवर ढकलेल, कंडक्टरवर ढकलेल. मी असते तर ढकललं असतं. कशालाबाई त्यांच्यात मातीत बसून ऐकत राहिली. सगळ्या बोलून थकल्यावर तिनं विचारलं, "मावशी, चुकलंच. पन आता मला सांगा, लांबून लाल दिसलं तर ते खरं हाय का खोटं, हे वळखायचं कसं? मला न्हाई सुचत. तुमीच सांगा."

मग तिथं जे भांडण जुंपलं! एकीचं म्हणणं फडकं मागच्या शिडीला बांधा, तिथं उतारूचा हात पोचत नाही. दुसरी म्हणाली, वाऱ्यानं उडालं तर? तिसरी म्हणाली, ड्रायव्हरनं भोंगा वाजवावा. तर चौथी म्हणाली, तो तर म्हशीला बघूनही वाजवतो. शेवटी भागाबाईंनीच तोड काढली. लाल दिसलं तरी सगळ्यांनी काम सोडायचं नाही. पाळीपाळीनं रोज एकीनं फाट्यावर जायचं, गाडी थांबली की कंडक्टरला तोंडानं विचारायचं आणि त्यानं हो म्हटलं तरच बाकीच्यांना हाळी द्यायची. एकीचा अर्धा तास गेला तर गेला, तिची खडी बाकीच्या फोडतील.

येताना गाडीत कशालाबाईचे डोळे असे चमकत होते की जणू तिला शाबासकी मिळाली होती. मी मनात म्हटलं, एवढ्या शिव्या खाऊन ही हसतेय कशी?

"शालू, सापडलं गं!" ती म्हणाली. "माहिती नुसती पोचून भागत न्हाई. ती खरी का खोटी हे कुनी बघायचं, आन् चुकली तर कुनाचा दिस बुडतो, हे आधी बघाया पायजे. आपन वर धाडतो ती चुकली तर आपला दिस कुठं बुडतो? हे कुनी शोधलंय का गं? तू समदी बुकं वाचलीस. हाय का कुठल्या बुकात?"

मी ती पुस्तकं खरंच वाचली होती, जी मिळाली ती सगळी. त्यांत माहिती भरायची कशी, साठवायची कशी, लवकर मोजायची कशी हे होतं. हे नव्हतं.

"असेल," मी म्हणाले आणि दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडं बघत राहिले.

उन्हाळा संपता संपता डॉक्टर आले. साहेबांच्या खोलीत एकेकीला बोलावलं. मी आधी गेले. मी चांगला जाडजूड निबंध लिहून नेला होता, जिल्ह्यातल्या सगळ्या गावांची कार्डं संगणकात घातली तर काय काय करता येईल याचा. त्यांनी चाळला, मान डोलावली, एकदोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. मग म्हणाले, "ठीक. पण तुम्हाला यात का पडायचंय?" याचं उत्तर मी इंग्रजीत पाठ केलं होतं. देशसेवा, प्रगती, सगळं होतं त्यात. आणि ऐन वेळी माझ्या तोंडातून निघून गेलं, "मला तो संगणक बघायचाय, सर."

बाहेर आले ती रडू दाबतच. इतकं बावळट उत्तर! नंतर ती आत गेली. थोड्या वेळानं आतून हसण्याचा आवाज आला. मग शिपाई चहा घेऊन गेला. पुन्हा हसणं. पुन्हा चहा. मला तर विचारलाही नव्हता. मी यंत्राचं हँडल नुसतंच फिरवत बसले, कुठलाही आकडा न घालता.

आणि निवड माझी झाली.

साहेबांनी तसं सांगितलं तेव्हा मी वेड्यासारखी जिन्यावरून धावत सुटले, डॉक्टरांचे आभार मानायला. ते गाडीत बसत होते. भले गृहस्थ, त्यांना वाटलं, आम्ही दोघी मैत्रिणी, मला ऐकून बरं वाटेल. म्हणाले, "खरं तर मी आधी त्यांनाच विचारलं. तो खऱ्याखोट्याचा प्रश्न त्यांनी काढला ना, तो मला फार आवडला. पण त्या म्हणाल्या, मला नाही यायचं. मला शोधायचंय ते या रस्त्यावरच आहे, आणि मशीन बघितलं की मला झोप येते. त्यांनीच सांगितलं, तिला न्या, ती त्या मशीनवाचून झुरतेय आणि तिची बेरीज कधी चुकत नाही."

गाडी गेली. मी गिरणीच्या दारात पिठात उभी राहिले. मला हवी होती ती एकच जागा, जिच्यासाठी मी देवाला सतावलं, ती हिनं नको म्हणून टाकलेली, म्हणून माझी! वर गेले तर ही माझा डबा उघडून बसलेली.

"तू कोण मला जागा देणारी?" मी किंचाळलेच. आयुष्यात पहिल्यांदा.

तिनं घास गिळला. "मी कुठं दिली? मला नको हुती. नको असलेली वस्तू बाजूला सारली तर त्याला दिली म्हनत्यात व्हय?"

"मग माझी शिफारस करायला तुला कुणी सांगितलं?"

"तुझी बेरीज चुकती का?"

"नाही."

"मंग मी काय खोटं बोलले?" आणि डबा माझ्याकडं सरकवून म्हणाली, "तुला पायजे हुती न्हवं? मंग बस की आता. भेंडी झाली हाय चांगली."

बसले आणि जेवले.

मी निघाले त्या दिवशी नगरच्या स्टँडवर तोबा गर्दी. लग्नसराई होती. वडील ट्रंक धरून उभे, आई डोळे पुसतेय, आणि मी नेहमीसारखी गाडीच्या दारापासून लांब फेकली गेलेली. पुण्यापर्यंत उभ्यानंच जावं लागणार, असं दिसत होतं. कशालाबाईचा पत्ता नव्हता. मनात म्हटलं, नाहीच येणार, कशाला येईल? तेवढ्यात माणसांच्या डोक्यांवरून काहीतरी उडत गेलं आणि एका खिडकीतून आत पडलं. चौकड्याचा रुमाल.

"जा, बस!" शेंगांची पुडी हातात धरून ती ओरडली. "खिडकी हाय!"

मी वर चढले. एक पैलवानासारखा माणूस रुमालाकडं बघून बाजूला सरला. मी बसले आणि रुमाल तिला द्यायला खिडकीतून हात बाहेर काढला, तर तिनं तो ढकलून आत केला. "ऱ्हाऊ दे. म्होरं गाडी बदलायची हाय तुला." गाडी हलली तशी ती खिडकीच्या बरोबरीनं चार पावलं चालली. "आन् तिथल्या मोठ्या लोकान्ला एक इचार बरं का माझ्या वतीनं!"

"काय?"

ती नुसती भुवया उडवून हसली. काय विचारायचं ते मला माहीत होतं.

मुंबईला गेल्यावर मी सुखी झाले नाही असं म्हटलं तर देव मला क्षमा करणार नाही. संगणकाच्या थंडगार खोलीत चपला काढून पाऊल टाकलं तेव्हा मला देवळात गेल्यासारखं, म्हणजे आमच्या भाषेत चर्चमध्ये गेल्यासारखं वाटलं. मला ते काम आलं, आवडलं, त्यावरच मी जगले. पण संशोधनाचा पहिला विषय ठरवायची वेळ आली आणि मी एकामागून एक विषय लिहीत गेले, तर प्रत्येकापुढं ती पदर खोचून उभी. कशाला? कुणासाठी? शेवटी मी तोच विषय घेतला. माहिती खरी आहे हे कोण बघतं आणि चुकली तर कुणाचा दिवस बुडतो. डॉक्टर म्हणाले, "हा प्रश्न तुमचा?" मी म्हणाले, "नाही सर, तिचा." तिचं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलंच." त्या 'वाटलंच'वर मी आठवडाभर धुमसत होते.

दुष्काळ सरला आणि आमचा कक्षही बंद झाला. ती तिसगावला परत गेली, पंचक्रोशीत कुणाकुणाची कामं करत हिंडत राहिली. मी दरवर्षी नगरला गेले की म्हणायची, या खेपेला तिसगावला जाऊ, रुमाल परत करू. आणि दरवर्षी वाटायचं, आणखी थोडं मोठं होऊन जाऊ, हिनं कशाला म्हटलं तर चोख उत्तर देता येईल असं काहीतरी करून जाऊ. एका वर्षी वडिलांनी स्टँडवरच सांगितलं, की ती गेली. कावीळ झाली, अंगावर काढली. वयानं माझ्याएवढीच. मी तिथंच ट्रंकेवर बसले आणि स्टँडभर लोक बघत असताना मोठमोठ्यानं रडले. रडतानाही एक विचार आला, सांगते, लपवत नाही. इथंही पुढचा नंबर हिनंच लावला.

पुढं मी मुंबईच्या त्याच संस्थेत खुर्चीवर बसले. मुलं-मुली नवेनवे विषय घेऊन यायची. आता संगणक टेबलावर मावायला लागले होते, विषय चकचकीत झाले होते. मी ऐकून घ्यायची आणि मग विचारायची. कशाला? कुणाला हवंय? चुकलं तर कुणाचा दिवस बुडेल? मुलं आधी गडबडायची, मग विचारात पडायची, आणि त्यातली काही खरोखर चांगली निघाली. एका दुपारी मी जिन्यावरून येत होते. वरच्या खोलीत गलका चालला होता. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "गप रे, कशालाबाई आल्या."

मी जिन्यावर थबकले. एवढ्या वर्षांनी, एवढी पांढरी झाल्यावर, मला टोपणनाव मिळालं होतं! पहिल्यांदा इतका आनंद झाला की विचारू नका. आणि मग लक्षात आलं. खोलीत आले, मुलं उभी राहिली, मी खुर्ची ओढून बसले खरी, पण मेली माझ्या आधीच तिथं रुमाल टाकून गेली होती.